राहायला ठाण्यात, तपासणीला भायखळ्यात

माझा एक मित्र नौपाड्यात राहतो. त्याला आपण संदेश म्हणू. वय अडतीस, लग्न केलेलं नाही, महाप्याला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. दर सहा महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करायची असं त्याने ठरवलंय आणि प्रत्यक्षात ती दीड-दोन वर्षांतून एकदा होते. कारण त्यासाठी त्याला सुट्टी टाकावी लागते. सकाळी ठाण्याहून फास्ट लोकल, भायखळ्याला उतरायचं, तिथल्या एका सरकारी केंद्रात रक्त द्यायचं, बाहेर टपरीवर दोन कटिंग मारत थांबायचं, रिपोर्ट घ्यायचा आणि परत. ठाण्यात अशी केंद्रं आहेत. ती फुकट आहेत. त्याच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटंही लागत नाहीत.

‘‘तिथे केसपेपर काढायला कोण बसतं माहितीये?’’ तो मला म्हणाला. ‘‘आईच्या भिशीतल्या काकूंची सून.’’

मी हसलो आणि मग हसू आवरलं. कारण मी स्वतः पंचवीस वर्षं हेच केलंय, फक्त माझं स्टेशन वेगळं होतं. घोडबंदर रोडला चाळीस-चाळीस मजली टॉवर आले, तरी जुन्या ठाण्यात माणसाची ओळख अजून ‘कुणाचा कोण’ यावरूनच पटते. नवी मुंबईत तसं नाही, तिथे सगळे बाहेरून आलेले, सेक्टर नंबरांच्या शहरात कोण कुणाला विचारतो, असं म्हणणाऱ्याने घणसोलीच्या किंवा दिवाळ्याच्या गावठाणातल्या एखाद्या आगरी-कोळी मुलाशी बोलून बघावं. सेक्टर सातमधला भाडेकरू निनावी असेल. गावठाणातला पोरगा अख्ख्या गावाचा भाचा-पुतण्या असतो. तो तपासणीला गेला तर संध्याकाळपर्यंत आजीला कळतं.

मला म्हणायचंय ते एवढंच, की ठाणे-नवी मुंबईत समलिंगी पुरुषांच्या लैंगिक आरोग्याचं काम माणूस जसा येतो-जातो तसं बांधायला हवं. आज ते संस्थांच्या आणि महापालिकांच्या हद्दीप्रमाणे बांधलंय. आणि हे कुठल्याही एका संस्थेच्या आवाक्यातलं नाही. त्याला आघाडी लागेल. महाराष्ट्रात ‘आघाडी’ आणि ‘युती’ या शब्दांची अलीकडे जी दशा झालीये ती बघता हा शब्द वापरायला जीभ अडखळते, पण दुसरा बरा शब्द सापडत नाही. ‘समन्वय समिती’ म्हटलं की डोळ्यासमोर पारले-जी आणि मागील बैठकीचं इतिवृत्त येतं.

आधी आकडे. देशात 15 ते 49 वयाच्या लोकांत एचआयव्हीचं प्रमाण शेकडा 0.2 च्या आसपास आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत ते 3 टक्क्यांच्या थोडं वर आलं. म्हणजे पंधरापट. यात कुणाच्या चारित्र्याचा संबंध नाही. गुदमार्गाचं अस्तर नाजूक असतं, तिथून विषाणू सहज शिरतो; आपल्या लोकांचं वर्तुळ लहान, त्यामुळे एकदा शिरलेला विषाणू त्याच वर्तुळात फिरतो; आणि भीतीपोटी माणूस तपासणी लांबवतो, तेवढा काळ विषाणू त्याच्याकडून नकळत पुढे जात राहतो. पहिल्या दोन कारणांवर सरकारला फारसं काही करता येणार नाही. तिसरं कारण मात्र आपणच तयार केलंय. आणि ही पाहणी जे कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या यादीत होते त्यांचीच आहे. संदेश कुठल्याच यादीत नाही.

यादी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. सरकारचा कार्यक्रम चालतो तो ‘टीआय’ नावाच्या प्रकल्पांतून, म्हणजे लक्ष्यगटासाठीचे प्रकल्प. राज्याची एड्स नियंत्रण संस्था एखाद्या स्वयंसेवी संस्थेला एक भाग देते. संस्था त्या भागातली ‘साइट’ शोधते, म्हणजे जिथे आपली माणसं जमतात ती जागा: स्टेशनच्या पुलाखालची मुतारी, तलावाचा कठडा, खाडीकडेचा रस्ता. तिथे समाजातलाच एखादा ‘पिअर’ नेमला जातो. तो ओळखी काढतो, कंडोम देतो, सहा महिन्यांनी एकदा तपासणीला घेऊन जातो आणि प्रत्येकाचा नंबर यादीत लिहितो.

या कामाला नावं ठेवणाऱ्यांची मला चीड येते. आमच्याकडे एक पिअर आहे. घरचं नाव वेगळं, पण स्टेशनपासून कोपरीपर्यंत सगळे त्याला राणी म्हणतात आणि तोही सगळ्यांशी ‘अगं’ने बोलतो. 2005 च्या आसपास त्याने काम सुरू केलं तेव्हा गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ कार्यक्रम ठाण्यासारख्या जिल्ह्यांत उतरला होता आणि पैसा बरा होता. राणीच्या खांद्याला एक रेक्झिनची बॅग असायची. आत निरोधचे बॉक्स, ल्यूबची पाकिटं, एक वही आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेला लाकडी लिंगाचा नमुना, कंडोम कसा चढवायचा ते दाखवायला. एकदा एका स्टेशनवर पोलिसांनी बॅग उघडायला लावली. टॉवेल सुटला. ‘‘हे काय आहे रे?’’ राणी म्हणाला, ‘‘साहेब, आमचं सरकारी साहित्य आहे.’’ ते खरंच सरकारी साहित्य होतं. तरी त्याला रात्री साडेदहापर्यंत बाकड्यावर बसवून ठेवलं. संस्थेतून कुणीतरी पत्र घेऊन आलं तेव्हा सोडलं. नमुना मात्र परत मिळाला नाही. ‘‘कुठल्या साहेबाच्या शोकेसमध्ये असेल काय माहीत,’’ असं तो अजून म्हणतो.

तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंडविधानाचं कलम 377 डोक्यावर होतं. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उतरवलं, 2013 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा चढवलं आणि 6 सप्टेंबर 2018 ला कायमचं बाजूला केलं. त्यानंतर बरोबर चार दिवसांनी, 10 सप्टेंबरला, 2017 चा एचआयव्ही कायदा अमलात आला. पहिल्या तारखेला आपण पेढे वाटले. दुसरी तारीख विचाराल तर शंभरात दोघांना ठाऊक नसेल. खरं तर रोजच्या जगण्यात तीच जास्त कामाची. या कायद्याने तपासणीला माणसाची संमती लागते, अहवाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, नोकरीत, दवाखान्यात, भाड्याच्या घरात भेदभाव करता येत नाही. त्याचं कलम 22 तर थेट राणीच्या बॅगेबद्दलच आहे: संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी केलेलं काम हा गुन्हा ठरत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. ऐरोलीपासून महाप्यापर्यंत अशा किती कंपन्या आहेत ते मोजायलाही नको. संदेशने त्याच्या एचआरला एकदा साळसूदपणे विचारलं, की असा अधिकारी कोण आहे. तिने पॉशच्या, म्हणजे ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीचा नंबर दिला.

तर राणीची साइट. ती आता उजाड झालीये. पूल पाडून नवा झाला, मुतारीला पैसे घेणारा माणूस बसला, कॅमेरे लागले, आणि मुख्य म्हणजे आपली माणसं मोबाइलमध्ये गेली. अ‍ॅप उघडलं की चारशे मीटरवर एक, सातशे मीटरवर दुसरा. कोपरखैरण्यात चौघांत भाड्याने घेतलेला वन बीएचके, तिघे गावी गेले की शनिवारची रात्र मोकळी. हे पुरुष राणीच्या यादीत येत नाहीत, कारण ते कुठे उभेच राहत नाहीत. प्रकल्पाला आकडा तर पूर्ण करायचा असतो. मग जी चाळीस-पन्नास ओळखीची माणसं आहेत त्यांचीच पुन्हा पुन्हा तपासणी होते. अ‍ॅपवरून पोचण्याचे प्रयत्न सरकारी कार्यक्रमातही सुरू झालेत, नाही असं नाही. पण पन्नाशीच्या राणीला प्रोफाइल उघडून दिलं म्हणजे ते झालं असं नसतं. त्याने फोटो टाकला की पहिल्या तासात ब्लॉक.

आता हद्दीचं बघा. पालघर 2014 मध्ये वेगळा झाल्यावरही ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका उरल्या: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर आणि उल्हासनगर. मुलुंड चेकनाका ओलांडला की एड्स नियंत्रणाची संस्थाच बदलते, मुंबईची वेगळी आहे. बेलापूरच्या पुढे खारघरला गेलात की जिल्हा रायगड, महापालिका पनवेलची. आता एक माणूस घ्या, जो डोंबिवलीत राहतो, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्सहार्बरने रबाळ्याला कामाला जातो, शुक्रवारी रात्री खारघरला कुणाला तरी भेटतो आणि सोमवारी लघवीला जळजळ सुरू झाली की सायनला कुणीतरी सांगितलेल्या डॉक्टरकडे जातो. तीन महापालिका, दोन जिल्हे आणि मुंबई मिळून त्याचं एक आठवड्याचं आयुष्य. या प्रवासात त्याला भेटू शकतील अशा चार-पाच संस्था आहेत. त्यांतली प्रत्येक म्हणणार, हा आमच्या भागातला नाही.

संस्था हे मुद्दाम करत नाहीत. प्रकल्पाचा पैसा आकड्यांवर मिळतो. माझ्या यादीतला माणूस तुझ्या केंद्रात तपासला गेला तर आकडा तुझा वाढतो. मग मी त्याला तुझ्याकडे पाठवीन कशाला? एकाच गल्लीतल्या दोन वडापाववाल्यांनी एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवावं अशी ही अपेक्षा झाली. आघाडीचं पहिलं काम म्हणून हेच: आकडा माणसाच्या नावे लावायचा, संस्थेच्या नावे नाही. तो कुठेही तपासला गेला तरी सगळ्यांचं काम झालं असं धरायचं. राज्याच्या संस्थेने नियम एवढाच बदलला तरी निम्मी भांडणं मिटतील.

उरलेली निम्मी मिटणार नाहीत, कारण ती आपली आपसातली आहेत. त्याबद्दल लिहायला कुणी धजत नाही म्हणून मी जरा जास्त लिहितो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एक बैठक घेतली. बैठक कसली, ऐरोलीत एका मित्राच्या घरी पोहे. एका बाजूला आयटीतली चार पोरं, तिशीच्या आतली, अ‍ॅपवर ओळख झालेली आणि आता दर महिन्याला ट्रेकला जाणारी. दुसऱ्या बाजूला राणी आणि त्याच्याबरोबरचे दोघे पिअर. पहिली पंधरा मिनिटं कुणी काही बोलेना. पोरं इंग्रजी-हिंदीत आपसात बोलत होती आणि राणी पोह्यातले शेंगदाणे वेगळे काढत होता. मग त्यानेच विचारलं, ‘‘तुम्ही कंडोम कुठून घेता गं?’’ एक जण म्हणाला, ‘‘ब्लिंकिट.’’ राणीला ते काही कळलं नाही. दहा मिनिटांत घरी येतात म्हटल्यावर तो म्हणाला, ‘‘आम्ही वीस वर्षं पायी वाटतोय.’’

मग गप्पा सुरू झाल्या. त्यातला एक पोरगा गेलं वर्षभर प्रेप घेत होता. प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्या माणसाने तो होऊ नये म्हणून घ्यायची गोळी. 2010 मध्ये पहिल्या मोठ्या चाचणीत तिचा गुण दिसला, 2012 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, आपल्याच देशातल्या कंपन्या ती बनवतात आणि नॅकोची, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, मार्गदर्शक तत्त्वंही 2022 मध्ये आली. राणीने वीस वर्षांत हजारो कंडोम वाटलेत, पण ही गोळी त्याने हातात कधी धरली नव्हती. त्याने स्ट्रिप उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ‘‘ही आमच्या सेंटरला का नाही?’’ पोराकडे उत्तर नव्हतं. तो दुकानातून स्वतःच्या पैशाने घेत होता आणि ती सगळ्यांना मिळायला हवी हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्याच पोराने मग बिचकत सांगितलं, की दोन महिन्यांपूर्वी एक फोड आला होता, दुखत नव्हता, आपोआप गेला, आता तळहातावर डाग आलेत. गूगल म्हणतं अ‍ॅलर्जी. राणीने त्याचा हात धरला, खिडकीपाशी नेला, तळवा पाहिला. ‘‘अगं, ही अ‍ॅलर्जी कुठली? उद्या व्हीडीआरएल कर. निघालं तर पेनिसिलिनचं इंजेक्शन, कुल्ह्यावर, दुखतं थोडं.’’ व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी. सिफिलिसच होता. प्रेपने एचआयव्ही अडतो, सिफिलिस नाही. वर्षभर महागडी गोळी घेणाऱ्या, इंजिनिअरिंग झालेल्या पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं. राणी दहावी नापास आहे.

आघाडी म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला देता येणार नाही. एकाकडे गोळी आहे, दुसऱ्याकडे नजर आहे, आणि दोघे एकाच तालुक्यात राहून वीस वर्षांत एकदाही समोरासमोर बसले नव्हते.

पण ही गोष्ट इथेच संपवली तर खोटेपणा होईल. बैठक संपली. स्टेशनला जायला राणी आणि तो पोरगा एकाच वेळी निघाले. गेटपाशी पोरगा थबकला, मोबाइल काढला आणि म्हणाला, ‘‘तुम्ही व्हा पुढे, मी कॅब करतो.’’ ऐरोली स्टेशन तिथून चालत आठ मिनिटांवर. राणीने मान डोलावली. त्याच्या चालण्यावरून, ओढणीसारख्या घेतलेल्या त्या पंच्यावरून कुणीही ओळखलं असतं, आणि त्याच्या शेजारून चालणाऱ्यालाही. हे त्याला कळत होतं. ‘‘असू दे, नवीन आहे,’’ असं तो मला नंतर म्हणाला. मला मात्र राग आला आणि अजून आहे. आपल्यातला हा जातीभेदासारखा भेद, कोण बायकी, कोण ‘सरळ दिसतो’, कोण इंग्रजी बोलतो, कोण चाळीतला, हा प्रेपच्या गोळीने जाणार नाही. मुंबईतल्या मोठ्या कार्यक्रमांना गेलं की तिथेही हेच. वांद्र्याला, लोअर परळला मंच सजतो. हार्बर लाइनवरचा माणूस मागच्या रांगेत बसतो, शेवटची गाडी चुकू नये म्हणून.

आपल्यासाठी कुणीतरी बाहेरून येऊन काम करील ही अपेक्षा इतर ठिकाणीही लोकांनी लवकर सोडली. न्यूयॉर्कमध्ये 1982 साली, या आजाराला नीट नावही नव्हतं तेव्हा, समलिंगी पुरुषांनी स्वतःची आरोग्य संघटना काढली. 1983 मध्ये डेन्व्हरला जमलेल्या एड्सग्रस्तांनी आम्हाला ‘बळी’ म्हणू नका आणि आमच्याबद्दलचा निर्णय होतो त्या प्रत्येक टेबलावर आम्हाला जागा द्या, असं लिहून दिलं. पण इतकं लांब जायची गरज नाही. आपल्या सांगलीत 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. धंदा करणाऱ्या बायकांनी स्वतः कंडोम वाटले, पोलिसांशी स्वतः भांडल्या, दवाखान्यात बाईला हाड्-हाड् केलं तर दहाजणी मिळून जाऊन बसल्या. मुंबईत आपल्या लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट 1994 पासून आहे, पुण्यात 2002 पासून तसाच समपथिक. ठाणे जिल्हा या दोघांच्या मधोमध आहे. एक्स्प्रेस गाड्या थांबतात खऱ्या, पण प्रवासी उतरत नाहीत, अशी आमची गत.

लाज हा विषय आपल्याकडे नवा नाही आणि त्याच्याशी लढणंही नवं नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, लोकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले. 1934 मध्ये त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर. ही परंपरा आपल्या घरात असताना आपण लैंगिक आजारांना अजून ‘गुप्तरोग’ म्हणतो. लोकलच्या डब्यात दाराच्या वर ती स्टिकरं बघा: ‘गुप्तरोग, नामर्दी, खात्रीशीर इलाज, भेटा अमुक लॉज, दर मंगळवारी’. कळवा ते मुंब्रा एवढ्या अंतरात मी एकदा सात मोजली. रोग गुप्त राहिला तरच त्या लॉजमधल्या वैद्याचा धंदा चालतो. आमच्या माणसांचे किती पैसे आणि किती महिने त्या लॉजांच्या जिन्यावर गेलेत, याचा हिशोब कुठल्याच पाहणीत नाही.

बरं, या आघाडीत कोण असावं? समलिंगी पुरुषांच्या संस्था आणि हे ट्रेकवाले, व्हॉट्सअ‍ॅपवाले अनौपचारिक गट हे तर हवेतच. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे गट हवेत, आणि ते केवळ अनुभवकथन करायला नकोत, निर्णयाला हवेत. गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी त्यांच्याबद्दलचीच आहे. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या युरोपातल्या अभ्यासात जोडीदारांपैकी एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशी समलिंगी पुरुषांची 782 जोडपी होती. पॉझिटिव्ह जोडीदाराचा विषाणू औषधाने दबलेला होता. कंडोमशिवायचे सुमारे 76,000 संबंध मोजले गेले. एकालाही जोडीदाराकडून लागण झाली नाही. आपल्याकडे एआरटी, म्हणजे विषाणू दाबणारा हा औषधोपचार, 2004 पासून फुकट मिळते आणि 2017 पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच सुरू होते, पूर्वीसारखी सीडी-4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, घसरायची वाट बघावी लागत नाही. म्हणजे वेळेवर गोळी घेणारा पॉझिटिव्ह माणूस धोकादायक नाही, ज्याने दोन वर्षं तपासणीच केलेली नाही त्याचीच काळजी करायला हवी. माझ्या मित्रमंडळींत हे वाक्य मी बोललो की अजूनही दोन सेकंद शांतता होते.

मग डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलातले नकोत, ते सत्काराला येतात. गल्लीतले एमबीबीएस हवेत, ज्यांच्याकडे माणूस तापाला जातो. केमिस्ट हवेत, कारण रविवारी रात्री कंडोम फाटल्यावर पहिला माणूस त्यांच्याकडे धावतो आणि त्याच्याकडे फक्त 72 तास असतात. त्या 72 तासांत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, 28 दिवसांची औषधं सुरू झाली तर लागण टळू शकते. पण केमिस्ट त्याला अँटिबायोटिकची पट्टी देऊन पाठवतो. हिजडा समाजातल्या गुरूंना बोलवायला हवं, कारण साइटवर ते आपल्या आधीपासून आहेत. आणि बायकांची एखादी संघटना हवी. हे म्हटलं की आमच्याकडे चेहरे पडतात. पण ठाण्यातल्या आपल्या पुरुषांतले कितीतरी लग्न झालेले आहेत आणि त्यांच्या बायकांची एचआयव्हीची तपासणी होते ती फक्त गरोदरपणात. ती बाई या चर्चेत कुठेच नसते. तिला बाहेर ठेवून केलेली आघाडी मला तरी पुरुषांची सोय वाटेल.

यावर आक्षेप बरेच आहेत. प्रेपने पोरं बेफाम होतील, हा त्यातला सगळ्यात कंटाळवाणा. हेल्मेटमुळे माणूस जोरात गाडी मारतो म्हणून हेल्मेट बंद करा, असं अजून कुणी म्हटलेलं नाही. समलिंगींसाठी वेगळं कशाला, सरकारी दवाखाना सगळ्यांचाच आहे, असं म्हणणाऱ्यांना मी संदेशची भिशीतली सून सांगतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो राणीनेच काढला. जितक्या संस्था जास्त, तितकी तोंडं जास्त. आज माझ्या यादीतलं नाव मला आणि माझ्या वरच्या दोघांना माहीत असतं. उद्या आघाडीत वीस जण बसले तर ते नाव वीस ठिकाणी जाईल. एकाच्या भांडणात दुसऱ्याचा रिपोर्ट बाहेर येईल. असं झालेलं आहे, मी नाव घेणार नाही, पण एका पोराला त्यापायी गाव सोडावं लागलं. म्हणून माझा आग्रह असा, की आघाडीने नावांची देवाणघेवाण करूच नये. वेळ, जागा, साठा आणि माणूसबळ यांची करावी. तुमच्याकडे मंगळवारी किट उरले, आमच्याकडे गुरुवारी संपले, एवढं कळलं तरी पुरे. माणसाने नावाऐवजीचा आपला कोड क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये न्यावा, हवा तिथे दाखवावा. गुप्ततेची जबाबदारी कायद्याने आस्थापनेवर टाकलीये. ती मोडली तर तक्रार कुणी, कुठे करायची, हे आघाडीने पहिल्या दिवशी लिहून भिंतीवर लावावं. त्यातही पळवाटा निघतील. पण आज जे चाललंय त्यात गुप्तता राहते ती माणूस येतच नाही म्हणून.

आणि चाव्या कुणाकडे? इथे मी हटवादी आहे. आघाडीच्या निर्णयात निम्म्याहून जास्त मतं समाजातल्या माणसांची हवीत आणि त्यांतली निम्मी तरी राणीसारख्यांची, ज्यांना मानधनाच्या तुटपुंज्या रकमेवर वीस वर्षं ‘स्वयंसेवक’ म्हणवलं गेलंय. पैसा सरकारचा असेल, महापालिकांचा असेल, महाप्याच्या कंपन्यांच्या सीएसआरचा असेल. पण केंद्र कुठे उघडायचं, कुठल्या वारी, किती वाजता, हे पैसे देणाऱ्याने ठरवू नये. सरकारी केंद्राची वेळ सकाळी असते. आपला माणूस त्या वेळी ठाणे स्टेशनच्या पुलावर चेंगरलेला असतो.

कोपरीत आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, साठी उलटलेले, सर्दी-खोकल्याचेच. त्यांना आम्ही विचारलं, रविवारी संध्याकाळी दोन तास दवाखाना द्याल का? प्राथमिक तपासणी इथे, काही निघालं तर सोबत माणूस देऊन सरकारी केंद्रात पक्की तपासणी. ते म्हणाले, द्यायला काय, रविवारी बंदच असतो. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘‘पण बोर्डावर काय लिहायचं?’’

यावर आम्ही पाऊण तास भांडलो. ‘लैंगिक आरोग्य केंद्र’ लिहा, असं मी म्हणालो. संदेशला ते चालेना. असा बोर्ड असेल तर मी पुन्हा भायखळ्याला, असं त्याने स्पष्ट सांगितलं. आयटीतल्या पोराने, हो, तोच कॅबवाला, तो आला होता, एक इंग्रजी नाव सुचवलं. ते डॉक्टरांना उच्चारता येईना. राणी बराच वेळ दाराबाहेर उभा राहून आताचा बोर्ड वाचत होता. डॉक्टरांचं नाव, पदवी, सकाळी 9 ते 1, संध्याकाळी 6 ते 9, आणि खाली लाल अक्षरांत ‘रविवारी बंद’.

‘‘हेच राहू दे,’’ तो आत येत म्हणाला. ‘‘आपली माणसं बरोबर येतील.’’

मला ते पटलेलं नाही. बंद असल्याचा बोर्ड लावून दार उघडं ठेवायचं, हेच तर आपण आयुष्यभर करत आलो. संदेशला मात्र ते एकदम पटलंय. भांडण चालू आहे. पहिला रविवार या महिन्यातला तिसरा.